शेगडीच्या खोलीतली पिल्लं

पिल्लाची छाती उघडली आणि माझा हात थांबला. रक्त लालभडक होतं.

मेलेल्या पिल्लाचं रक्त असं नसतं. जीव गेला की ते काळपट होतं, पिकल्या जांभळासारखं. काळीज, फुप्फुसं, सगळंच गडद दिसायला लागतं. इथे काळीज डाळिंबाच्या दाण्यासारखं चमकत होतं. मी दुसरं पिल्लू घेतलं. तेही तसंच. तिसरंही तसंच.

मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे. नेरूळला, शिरवणे गावाला लागून माझं क्लिनिक आहे. त्याआधी बरीच वर्षं पनवेलच्या बाजूला एका हॅचरीत नोकरी केली. हॅचरी म्हणजे मशीनमध्ये अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. आता माझ्याकडे येतात ती बहुतेक सोसायट्यांमधली कुत्री आणि मांजरं. पण आसपासच्या गावांत मी अजून ‘कोंबड्यांची डॉक्टरीण’ आहे. पिल्लं का मेली ते पिल्लू फाडून पाहायचं, याला आम्ही पी.एम. म्हणतो. ते करायला फारसं कोणी तयार नसतं. मी करते.

ही पिल्लं हरेश घरतने आणली होती. तो जासईचा. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. क्लिनिकचं शटर वर जातंय तोवर तो बाइकवरून उतरला आणि मिठाईचं खोकं काउंटरवर ठेवलं.

“मॅडम, रातीत निम्मी गेली. बगा काय झालंय ते. माझी ड्युटी हाय, थांबता येनार नाय.”

“आजारी होती का?”

“नाय ओ. काल सांजपर्यंत मस्त खात होती. आनि ही रोगबीग झाल्यासारखी पन दिसत नाय. झोपल्यावानी पडली होती.”

एवढं बोलून तो गेला.

हरेशपेक्षा त्याच्या बायकोला, वैशालीला मी जास्त ओळखत होते. पिल्लांचा उद्योग तिचा. घरतांची शेती तिच्या सासऱ्यांच्या काळातच गेली होती. आता खाली घर, वर भाडेकरू आणि हरेशचा पगार. वैशालीला स्वतःचं काहीतरी हवं होतं. तिने मोबाइलवर बघून अंडी उबवायचं छोटं मशीन आणलं, थर्माकोलच्या पेटीचं. गावठी कोंबडीची अंडी गोळा केली. पहिली पिल्लं निघाली तेव्हा तिने मला फोटो पाठवला होता. पिल्लांपेक्षा तिचाच हसरा चेहरा फोटोत मोठा होता.

त्यातली बरीच पिल्लं पहिल्या काही दिवसांतच मेली. तेव्हा मी जासईला तिच्या घरी गेले होते.

मागच्या बाजूला एक खोली होती. पूर्वी तिथे भात ठेवत. एक दार, एक खिडकी. एका कोपऱ्यात प्लायवूडची पेटी, तिच्यावर टांगलेला बल्ब. हाच ब्रूडर. ब्रूडर म्हणजे पिल्लांची नकली आई. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त लव असते, पिसं नसतात. त्याला स्वतःची ऊब स्वतः धरता येत नाही. कोंबडी असली तर पिल्लं तिच्या पंखाखाली शिरतात. कोंबडी नसेल तर ते काम बल्बला करावं लागतं. पहिल्या आठवड्यात चौतीस-पस्तीस डिग्री, मग पिसं फुटतील तसं हळूहळू कमी.

दुसऱ्या कोपऱ्यात खाट होती. खाटेवर हरेशची आई बसली होती. घरात सगळे तिला आय म्हणत. काटक म्हातारी, नाकात नथनी, आवाज खणखणीत. तिने जन्मभर कोंबड्या पाळलेल्या.

“कोंबरीबिगर पिल्लां!” ती मला म्हणाली. “असा कवा आयकलाय? मी सांगतंय हिला, खुरूक कोंबरी बसव. ती वाढवते पोरां. हा दिवा काय वाढवनार?”

“आय, खुरूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसते. मशीनमध्ये ढीगभर मावतात,” वैशाली म्हणाली.

“ढीगभर मावतात आन् ढीगभर मरतात.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं. पण म्हातारीची खाट त्या खोलीत का होती, ते मी विचारलं. तिची झोपायची खोली पुढे होती. पिल्लं निघाली तशी तिनेच खाट मागे आणवली होती. पिल्लं ओरडली की ती उठायची, लाइट गेला की वैशालीला हाक मारायची. टोमणे मारत होती, पण राखण तीच करत होती.

पहिली पिल्लं थंडीने मेली होती. लाइट गेला, बल्ब विझला, पिल्लं एकमेकांवर चढली. खालची गुदमरली. मी वैशालीला पिल्लं बघायला शिकवलं. थर्मामीटर चुकेल, पिल्लं चुकत नाहीत. सगळी बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला जाऊन पंख पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा लागतोय. आणि पेटीभर पसरून कोणी खातंय, कोणी पेंगतंय, तर सगळं ठीक आहे. बल्ब नुसत्या वायरवर लोंबकळत होता. तो साखळीला बांधायला लावला, त्याला जाळी घालायला सांगितली. बल्ब सुटून भुशात पडला की घर पेटतं. लाइट गेला तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायच्या. पेटीला वारा लागू द्यायचा नाही, पण खोलीची खिडकी वरून उघडी ठेवायची.

हे सगळं वैशालीने नीट केलं होतं. दुसऱ्या खेपेची पिल्लं छान होती. तिने मला व्हिडिओ पाठवले होते. एका व्हिडिओत आय पिल्लांना कण्या टाकत होती आणि कोणीतरी शूट करतंय हे लक्षात आल्यावर तोंड फिरवत होती.

आता त्याच खेपेची पिल्लं माझ्या टेबलावर होती.

मी पुन्हा नीट पाहिलं. गळ्याची पिशवी दाण्यांनी भरलेली. म्हणजे भूक मेली नव्हती. बेंबी सुकलेली, पू नाही. आतडी स्वच्छ. थंडीने दबून मेलेल्या पिल्लांचं अंग चपटं होतं, लव ओली असते, तसंही काही नाही. आजाराची एकही खूण नाही. फक्त रंग. रंगावरून लगेच निष्कर्ष काढू नये, हे मला माहीत आहे. बर्फात ठेवलेलं पिल्लूही आतून लालसर दिसतं. पण ही बर्फात नव्हती.

मग मी एका पिल्लाची लव बोटांत चोळली. बोटाला राखाडी पूड लागली. नाकाजवळ नेली. कोळशाची राख.

हॅचरीत असताना घाटाजवळच्या एका शेडमध्ये हे मी एकदा पाहिलं होतं. थंडीचे दिवस होते, शेडचे पडदे घट्ट खाली सोडलेले, आत कोळशाच्या भट्ट्या. पिल्लांचा सडा पडला होता. माझ्या सीनियरनी एकच पिल्लू उघडलं, आतला रंग पाहिला आणि कात्री तिथेच टाकून पडदे फाडायला धावले.

कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर दिसला तर माणूस दार उघडतो. निखारे फुललेले असले की धूर नसतो, आणि माणूस निश्चिंत होतो. हा वायू रक्तात ऑक्सिजनच्या जागी बसतो आणि उठत नाही. रक्त लालचुटूक दिसतं, पण आत ऑक्सिजन नसतो. पिल्लांचा श्वास भराभर चालतो, म्हणून ती आधी मरतात.

माणसं नंतर.

मी हातातले ग्लोव्ह्ज ओढून काढले आणि हरेशला फोन लावला. बंद. पोर्टच्या आत असला की त्याचा फोन लागत नसे. मग वैशालीला लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे लाउडस्पीकर आणि मुलांचा गोंधळ ऐकू आला.

“मॅडम, मी पोरीच्या शाळेत हाय. गॅदरिंग हाय. काय निघालं ओ?”

“पिल्लांना ऊब कशाची देतेस?”

“बल्बची. पन गावात लाइनचं काम चाललंय, लाइट सारखी जाते. बाटल्या किती बदलनार? मग शेगडी लावली. फीडच्या दुकानवाला बोलला, मोठ्या फार्मवर कोळसाच लावतात.”

“शेगडी कुठे आहे?”

“पेटीच्या बाजूलाच. वरून गोनपाट टाकलंय, ऊब राहते.”

“आणि खिडकी?”

“वारा लय यायचा खाडीवरनं. पलास्टिक मारलंय.”

“आत्ता शेगडी पेटलेली आहे?”

“हाय ना. उरलेली पिल्लं हायत.”

मला पुढचा प्रश्न विचारायची भीती वाटली.

“आय कुठे आहे?”

“तिथंच झोपलीय. कालपासनं बरं नाय तिला. डोकं दुखतंय, उलट्या झाल्या. डॉक्टर बोलले पित्त हाय. थंडी वाजते बोलली म्हनून दार लोटून आले. माझं पन डोकं धरलंय दोन दिवस. काय साथ आलीय का?”

“वैशाली, ऐक. साथ नाही. शेगडीचा वायू आहे. पिल्लं त्यानेच मेली. आयला त्या खोलीतून आत्ताच्या आत्ता बाहेर काढायचं. शेजारी कोण आहे?”

मागे लाउडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारलं.

“वैशाली! शेजारी कोण आहे?”

“मढवी काकी.”

“काकींना फोन कर. दार, खिडकी, सगळं उघडायला सांग. प्लास्टिक फाडायचं. आत थांबायचं नाही. आयला ओढून अंगणात आणायचं. शेगडीच्या मागे लागू नका, आधी माणूस. समजलं?”

“पन मॅडम, वास तर काहीच...”

“वास येत नाही त्याला! फोन कर.”

तिने फोन ठेवला. मी ॲम्ब्युलन्सला फोन करून पत्ता दिला. काय झालंय असं पलीकडच्याने विचारलं, मी सांगितलं. त्याने नुसतं ‘बेशुद्ध’ लिहून घेतलं असावं. मग मी टेबलावरचं उघडलेलं पिल्लू प्लास्टिकच्या डबीत घातलं, डबी पर्समध्ये टाकली आणि गाडी काढली. पिल्लू का घेतलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने जाववेना, एवढंच.

उरणच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती. पोर्टकडे जाणारा रस्ता हा असाच. मी दोन कंटेनरच्या मध्ये अडकून बसले. त्यांतला एखादा ट्रेलर हरेशचाही असू शकला असता. तेवढ्यात वैशालीचा फोन आला. ती रडत नव्हती. धापा टाकत होती, पळत असावी.

“काकींनी काढलं बाहेर. उठत नाय ती. हाक मारली तर डोळं उघडत नाय. काकींचा मुलगा रिक्षात घालून हॉस्पिटलात नेतोय. ॲम्ब्युलन्स आली नाय अजून.”

“कुठल्या?”

तिने नाव सांगितलं. माझ्या मागच्या बाजूला होतं. मी गाडी वळवली.

कॅज्युअल्टीत पोचले तेव्हा आय स्ट्रेचरवर होती. चेहरा गुलाबी दिसत होता. बघणाऱ्याला वाटावं, तब्येत सुधारतेय. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला. तोंडावर मास्क नव्हता. ड्युटीवरचे डॉक्टर तिशीचे असतील. त्यांच्याभोवती आणखी चार पेशंट होते.

“डॉक्टर, यांना ऑक्सिजन लावा. कार्बन मोनॉक्साइडची केस आहे.”

त्यांनी वर पाहिलं. “तुम्ही नातेवाईक?”

“नाही. मी डॉक्टर आहे. व्हेटर्नरी.”

“मॅडम,” ते शांतपणे म्हणाले, “सॅच्युरेशन नव्व्याण्णव आहे. स्ट्रोक वाटतोय. सीटीला पाठवतोय.”

“ते नव्व्याण्णव खोटं आहे. मशीन रक्ताचा रंग बघतं. ऑक्सिजनचा लाल आणि या वायूचा लाल त्याला वेगळा कळत नाही.”

“हिस्टरी कोणी दिली? आणणारा मुलगा म्हणतो, झोपेत होत्या.”

“बंद खोलीत कोळशाची शेगडी होती. खिडकीला प्लास्टिक. काल उलट्या, डोकेदुखी. सुनेचंही डोकं दुखतंय.”

ते थांबले. पण शेजारच्या बेडवरून नर्स हाक मारत होती, आणि त्यांचा पाय तिकडे वळला. तेव्हा मी डबी काढली आणि झाकण उघडून त्यांच्यासमोर धरली.

“हे त्याच खोलीतलं आहे. रात्री मेलं. रंग बघा.”

नर्स ‘अगं बाई’ करून मागे सरकली. डॉक्टर वाकले. पिल्लाच्या आत पाहिलं, मग आयच्या ओठांकडे पाहिलं. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

“हाय फ्लो मास्क लावा,” ते म्हणाले. “एबीजी पाठवा, लॅबला सांगा कार्बन मोनॉक्साइड मोजून हवंय. आत्ता.”

एबीजी म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू मोजायची टेस्ट. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो मला दाखवला. आयच्या रक्तात वायू खूप होता. वैशाली तोवर पोचली होती. तिचंही रक्त घेतलं. तिच्यातही वायू सापडला, कमी. तिला बाजूच्या खुर्चीत बसवून मास्क लावला. मुलगी पुढच्या खोलीत झोपायची, ती वाचली होती.

हरेश आला तेव्हा अंगावर पोर्टचं चमकणारं जाकीट तसंच होतं. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“कोनी सांगितलं तुला शेगडी लावायला?” तो ओरडला. “पिल्लांसाठी माझ्या आयला मारते का?”

वैशालीने मास्क खाली ओढला.

“कोलसा तुमीच आनला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “प्लास्टिक पन तुमीच मारलं. मी बोलवलं होतं तुमाला मदतीला.”

हरेश भिंतीला टेकला. मग खाली बसला. मी त्याला उठवलं नाही.

आय दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. तिने हरेशला ओळखलं, नातीचं नाव घेतलं. सुनेला म्हणाली, “पिल्लां कोन बघतय?” वैशालीने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच हसली असावी. काही दिवसांनी आय घरी आली. मी भेटायला गेले. ती अंगणात उन्हात बसली होती. मागच्या खोलीचं दार काढूनच टाकलं होतं. वाचलेली पिल्लं पडवीत, बल्बखाली. आयने मला चहा घ्यायला लावला आणि पुन्हा ऐकवलं की कोंबडीचं काम कोंबडीलाच जमतं. मी कबूल केलं. हॉस्पिटलमधून निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं मात्र मी विसरले नव्हते. पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा, ते म्हणाले होते. या वायूने दुखावलेला मेंदू कधीकधी बरा झाल्यासारखा दिसतो आणि नंतर खचतो. घरच्यांनाही त्यांनी हे सांगितलं होतं. पण समोर चालतंबोलतं माणूस असलं की असं वाक्य कानांत राहत नाही.

महिना उलटला नव्हता. वैशालीचा फोन आला.

“मॅडम, आय पिल्लांना वलखत नाय.”

मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. आय पिल्लांचे दाणे अंगणात न टाकता स्वतःच्या तोंडात घालत होती. चालताना पाय घासत होती, लहान लहान पावलं. लुगड्यात लघवी व्हायला लागली होती. बोलणं जवळजवळ बंद.

“मला कशाला फोन केलास? न्यूरोलॉजिस्टकडे न्या लगेच.”

“उद्याची वेल मिलालीय. पन तुमी या ना.”

मी गेले. मी जाऊन काही होणार नव्हतं, ते तिलाही माहीत होतं.

आय पडवीत खुर्चीवर होती. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. वैशाली तिचं सगळं करत होती. मी समोर बसले, हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं. नजर माझ्यावर होती, पण मी तिला दिसत होते असं वाटलं नाही. पिल्लं आता मोठी झाली होती, पिसं फुटलेली. त्यांतलं एक, सगळ्यांत लहान राहिलेलं, वैशालीने उचललं.

“रोज देते हातात,” ती म्हणाली. “वाटतं, कवातरी वलखेल.”

तिने ते आयच्या ओंजळीत ठेवलं. आयची बोटं मिटली. क्षणभर मलाही वाटलं, ओळखलं. तिचा अंगठा पिल्लाच्या पाठीवरून फिरल्यासारखा झाला. मग मूठ आवळत गेली. पिल्लू ओरडलं. आय समोर बघत होती.

“आय, सोर. आय! सोर त्याला!”

आम्ही दोघींनी मिळून तिची बोटं सोडवली. एकेक बोट. म्हातारीच्या हातात इतका जोर कुठून आला होता कोण जाणे. सुटलं तेव्हा पिल्लाची मान लोंबत होती. वैशालीने ते पदरात घेतलं. माझ्याकडे पाहिलं, की मी काही करीन. मी नकारार्थी मान हलवली.

ती ते घेऊन मागे गेली. बराच वेळ आली नाही. मी आयजवळ बसून राहिले. आयचा हात पुन्हा मांडीवर होता. बोटं अजून अर्धी मिटलेली होती.

न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय केला, औषधं दिली, थोडी आशाही दिली. काहींमध्ये हळूहळू सुधारणा होते, ते म्हणाले. आयमध्ये झाली नाही. ती पावसाळ्यापर्यंत तशी राहिली, मग अंथरुणाला खिळली, आणि गणपतीच्या आधी न्यूमोनियाने गेली. दहाव्याला मी गेले होते. हरेशने मला नमस्कार केला. वैशाली आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. घरातले कोणी तिला काही बोलत नव्हते, असं मढवी काकी मला म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बोलले असते तर बरं झालं असतं.”

उबवायचं मशीन वैशालीने विकलं नाही. विकलं तर दुसरी कोणीतरी अशी पिल्लं काढील, ती म्हणाली. फोडून टाकलं. राहिलेल्या कोंबड्या मढवी काकींना दिल्या. त्यांतली एक खुरूक झाली की काकी तिच्याखाली अंडी ठेवतात.

फीडच्या दुकानात मी स्वतः जाऊन आले. दुकानदार हादरला होता. मोठ्या फार्मवर कोळसा लावतात हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती शेड असते. तिच्या पडद्यांना वर फट ठेवतात. भट्टीला बाहेर धूर काढणारी नळी असते. आणि तिथे माणूस झोपत नाही. त्याने सांगितलं ते अर्धं होतं, आणि अर्ध्या सल्ल्याने हे झालं. तो म्हणाला, आता मी कोणाला काहीच सांगत नाही. मी म्हटलं, सांग. पण पूर्ण सांग.

माझ्याकडे आजही लोक येतात. गच्चीवर कोंबड्या पाळायची हौस वाढली आहे. बल्ब किती वॉटचा, किती उंचीवर, भुसा किती, सगळं विचारतात. मी सगळं सांगते. पण त्याआधी मी एक गोष्ट विचारते: पिल्लं जिथे ठेवणार, तिथे रात्री झोपतं कोण? बरेच जण गोंधळतात, आणि मग सांगतात. बहुतेक घरांत कोणीतरी झोपत असतंच.